न मोजलेली भाकरी

आमच्या चिंचवडच्या घरात वाद ओट्यावर चालायचे आणि स्वयंपाक आत. मधे एक दार होतं आणि ते कधीच पूर्ण लावलेलं नसायचं. संध्याकाळी दादा, म्हणजे माझे वडील, मळ्यातून येऊन हातपाय धुऊन ओट्यावर टेकले की एकेक माणूस जमायला लागायचं. बाबूभाई सायकलवाले दुकान बंद करून यायचे, येताना सकाळचं वर्तमानपत्र घेऊन. दिवसभरात त्याच्यावर ग्रीसची बोटं उमटलेली असायची आणि एखादा कोपरा कुणाच्या तरी ट्यूबखाली गेलेला असायचा, पण उरलेल्यावर भांडायला भरपूर मजकूर असे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, पिंपरीत औषधांचा कारखाना आला तो आपल्या पोरांना कामावर घेणार की बाहेरून माणसं आणणार, निर्वासितांच्या कॅम्पातले लोक दुकानदारीत आपल्याला मागे टाकणार का, कूळकायद्याने कोण बुडालं आणि कोण तरलं. आवाज चढायचे, मांडीवर थापा पडायच्या, कालचा पाठीराखा आज विरोधात गेलेला असायचा. आतून चहा आला की मात्र सगळे गप्प. चहा पिताना भांडायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

आत चुलीपुढे गजराआत्या भाकऱ्या थापत असे. ओट्यावरचं बोलणं ती ऐकते की नाही हे तिच्या तोंडावरून कधी कळायचं नाही, पण मला एक खूण सापडली होती. विषय तिच्या कामाचा नसला की थापण्याचा आवाज एका लयीत चालू राहायचा. बाजारभाव, पाऊसपाणी, कुणाच्या सुनेची बातमी असं काही निघालं की थाप हळू व्हायची. मी कंदिलाशेजारी पुस्तक उघडून बसलेली असायची आणि माझे कान दोन्हीकडे असायचे.

आत्या दादांची थोरली बहीण. निघोज्याला दिली होती. नवरा मुंबईला गिरणीत गेला, तिथे त्याने दुसरं घर मांडलं, आणि निघोज्याच्या सासूने एके दिवशी हिच्या हातात गाठोडं देऊन हिला चाकणच्या रस्त्याला लावलं. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मला आठवते ती आमच्याच घरातली आत्या, पहाटे गोठ्यात, दुपारी मळ्यात, तिन्हीसांजेला चुलीपुढे. निघोज्याहून हिने एकच चीज आणली, असं आई म्हणायची, ती म्हणजे मासवडी. ओल्या फडक्यावर बेसनाचा गरम गोळा थापायचा, त्यावर तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्याच्या आधाराने घट्ट गुंडाळी वळायची. घरात काही चांगलं घडलं की आत्या न सांगता मासवडीला बसायची. मी सातवी झाले तेव्हा दादा म्हणाले, आता शाळा पुरे, पोरीने घरात हाताखाली यावं. आत्या म्हणाली, हिच्या वाटचं शेण मी काढते, हिला जाऊ दे. पुढची सगळी वर्षं माझ्या वाटचं शेण तिने काढलं आणि मी शाळेत जाऊन बोलायला शिकले. हे वाक्य मी पुष्कळदा मनात म्हटलं आहे. कागदावर आज पहिल्यांदा उतरतंय.

आजोबा गेले त्याच सुमारास नवा कायदा आला. मुलीलाही बापाच्या जमिनीत वाटा, असं बाबूभाईंनी ओट्यावर वाचून दाखवलं आणि एकच गलका झाला. कुणी म्हणालं, घरोघर भांडणं लागतील. कुणी म्हणालं, जावई नांगर घेऊन दारात उभे राहतील. दादा हसून म्हणाले, कायदा दिल्लीत झालाय, चिंचवडात पोचायला वेळ आहे. तेवढ्यात बाबूभाई म्हणाले, "आम्हा मुसलमानांत तर पोरीला वाटा पहिल्यापासूनच आहे, राव." दादांनी लगेच विचारलं, मग तुमच्या बहिणीने नेला का. बाबूभाई मान हलवून म्हणाले, "नाही ना. भावाशी कशाला बिघडवायचं म्हणाली, आणि सोडला." यावर सगळा ओटा हसला. आतली थाप थांबली होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आईने हाक मारून आत्याला भानावर आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात शेंगा फोडताना तिने मला विचारलं, "व्हय गं शके, त्यो कायदा खरा हाय का? का नुसतं पेपरात?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं की खरा आहे, मोठ्या सभेत मंजूर झालाय. तिने पुढ्यातली टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाली, रहाटणीच्या बाजूला नदीपलीकडे आपला बाभळींचा तुकडा आहे ना, तो मिळाला तरी पुष्कळ झालं. त्या तुकड्यात काही पिकत नसे. अर्धी बुजलेली विहीर, बाभळी आणि कुसळं. दादा तिकडे फिरकायचेही नाहीत. आत्या म्हणाली, विहिरीतला गाळ काढला की वांगी होतील, घेवडा होईल, एखादी शेळी बांधता येईल, आणि वर एक छप्पर. मी म्हटलं, पण तुला इथे काय कमी आहे? तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, एखाद्या लहान पोराकडे पाहावं तसं. "कमी कायबी न्हाई. पर सकाळी उठून कुणाला ईचारल्याबिगर चूल पेटवायची, एवढंच मनात हाय बग. बाबांचं वर्षश्राद्ध होऊ दे. मग किसनला ईचारीन." किसन म्हणजे दादा. मला तिने शपथ वगैरे घातली नाही. मी कुणाला सांगणार नाही, एवढा तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो मी पाळलाही. मी कुणालाच सांगितलं नाही. जे केलं ते निराळंच.

गणपतीत देवळाजवळच्या मांडवात आमच्या शाळेची वादविवाद स्पर्धा असायची. त्या वर्षी विषय ठरला तो हाच, मुलीला वडिलांच्या इस्टेटीत वाटा असावा की नसावा. आमचे मराठीचे लिमये सर खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून आमच्यापुढे धरायचे. ज्याला जी बाजू येईल ती त्याने मांडायची, मग मनात काहीही असो. सर म्हणायचे की आपल्याला न पटणारी बाजू जो पटवून देतो त्यालाच बोलता येतं असं समजावं. मी चिठ्ठी उघडली. ‘विरुद्ध’. मला वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटेल, पण मला आनंद झाला होता. मुलगी असून मुलींच्या विरुद्ध बोलायचं, याची चर्चा होणार हे मला तिथल्या तिथे कळलं. आत्याची आठवण त्या क्षणी झाली का, हे मी स्वतःला आजवर कितीदा विचारलं. झाली नाही, हे खरं उत्तर आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

वाट्याच्या बाजूने बोलणारा मुलगा स्टेशनकडचा होता, त्याच्या घरी पुण्याहून मासिकं यायची. माझ्याकडे ओट्यावरचं ऐकीव तेवढंच. मी सरांना अडचण सांगितली. ते म्हणाले, मासिकातलं ऐकून कुणी हलत नाही, घरातलं उदाहरण दे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. मी मळ्यातल्या चिंचेखाली उभी राहून बोलायची तालीम करायला लागले. आत्याने एकदा लांबून पाहिलं आणि विचारलं, कशावर बोलणार गं? मी म्हटलं, मुलीच्या वाट्यावर. कोणत्या बाजूने ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोन बाजू असतात, त्या चिठ्ठीने मिळतात, हे तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. आमच्या ओट्यावर माणूस आपल्या मनातलंच बोलायचा, उद्या उलटं बोलला तरी ते उद्याच्या मनातलं. आत्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाली, नीट बोल, घाबरू नगं, मी आळीतल्या बायांना घेऊन येते. आणि ती खरंच घेऊन आली. एरवी कीर्तनाशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या बायका त्या संध्याकाळी आत्याच्या मागून मांडवात आल्या. ती त्यांच्या पुढे बसली, इरकली लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर नीट करत.

भाषणाचा पहिला भाग मला आता आठवत नाही. शेवटचा भाग मला विसरायचा आहे आणि तो जात नाही. मी म्हणाले, "आमच्या घरात माझी गजराआत्या आहे. सासरने तिला टाकलं. तिला परत कुठल्या कायद्याने आणलं? भावाच्या मायेने आणलं. आमच्याकडे तिची भाकरी कुणी मोजत नाही. ज्या दिवशी ती वाटा मागेल त्या दिवशी तिचा भाऊ तिचा हिस्सेदार होईल, आणि हिस्सेदाराच्या घरी भाकरी मोजूनच मिळते." इथे मी थांबले. थांबायचं हे मी चिंचेखाली ठरवलं होतं. टाळ्यांनी मांडव भरून गेला. पुण्याहून आलेले परीक्षक मान डोलावत होते. मागे पुरुषांत दादा उभे राहिले होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते, आणि माझे डोळे त्यांच्यावर होते. मग मी बायकांकडे पाहिलं. सगळ्या आत्याकडे वळून बघत होत्या. शेजारची तिला कोपराने ढोसून काहीतरी म्हणाली, बहुधा नशीबवान आहेस असंच काहीतरी. सगळ्या आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर आत्याने मांडीवरचे हात उचलले आणि तीही टाळ्या वाजवायला लागली. इतरांच्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या.

पहिलं बक्षीस मला मिळालं, पितळी पेला. घरी आलो तर मासवडी तयार होती. पोरगी जिंकणार या खात्रीने आत्याने दुपारीच करून झाकून ठेवली होती. दादा त्या दिवशी फार बोलले. आज पोरीने घराची अब्रू राखली, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. बाबूभाईंनी मला सायकल शिकवायचं कबूल केलं. आत्याने सगळ्यांना वाढलं, शेवटी आईबरोबर स्वतः बसली. एक भाकरी संपल्यावर आईने सवयीने दुसरी तिच्या ताटात टाकायला हात पुढे केला. आत्याने ताट मागे ओढलं. "पुरं." आई म्हणाली, अगं, दिवसभर राबलीस. आत्या म्हणाली, भूक न्हाई. आम्हाला वाटलं, दमली असेल.

सकाळी गोठ्यात मी तिला गाठलं. रात्रभर मला नीट झोप लागली नव्हती. मी तिला चिठ्ठीचं सगळं समजावून सांगितलं, खडूचा डबा, दोन बाजू, बाजू आपण निवडत नाही, ते माझ्या मनातलं नव्हतं. ती शेणाची पाटी भरता भरता ऐकत होती. मग विचारलं, "चिठ्ठीत माझं नाव व्हतं का?"

मी म्हटलं, नाही, नाव उदाहरण म्हणून घेतलं. ती म्हणाली, "एवढ्या मानसांत कुणी माझं नाव घेऊन बोललं, हे पयल्यांदाच. चांगलं बोललीस. समद्यांना पटलं." पाटी तिने स्वतःच डोक्यावर चढवली आणि उकिरड्याकडे गेली. मला ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी आज हे लिहायला बसले नसते. ती कुणावरच ओरडायची नाही. कुणाच्या तरी घरात राहणाऱ्या माणसाला ओरडायची सोय नसते, हे मला कळायला माझं लग्न व्हावं लागलं.

वर्षश्राद्ध झालं. आत्याने दादांना काही विचारलं नाही. आता विचारणार तरी कोणत्या तोंडाने? सगळ्या आळीसमोर मी सांगून बसले होते की ही मागणारी नाही. मागितलं असतं तर मी खोटी ठरले असते आणि ती हावरी. काही दिवसांनी गावातली रीत म्हणून दादाच तिला बैलगाडीतून हक्कसोडीच्या कागदावर अंगठा द्यायला घेऊन गेले. परतताना हिरवं लुगडं आणि खण घेऊन आले. थोरल्या बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. आत्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्रीही तिने एकच भाकरी घेतली. तोवर माझ्या लक्षात आलं होतं की ही भूक नसण्याची गोष्ट नाही. भाषणाच्या दिवसापासून आत्या भाकरीच्या टोपलीला स्वतःसाठी शिवली नव्हती. भाकऱ्या थापायची तीच, पण ताटात कुणी वाढली तरच खायची आणि एकीवर दुसरी कधी घ्यायची नाही. घरात कुणी मोजत नव्हतं हे मी खरंच सांगितलं होतं. माझ्या बोलण्यानंतर ती स्वतः मोजायला लागली. आणि दर दिवाळीला तो पितळी पेला चिंचेने घासून लखलखीत करून फळीवर मांडायचं काम तिने कधी आईवर सोडलं नाही.

पुढे मी मराठीचीच शिक्षिका झाले. वर्गात मीही चिठ्ठ्या टाकल्या, मुलांना दोन्ही बाजू शिकवल्या. माझा एकच नियम होता, घरातल्या माणसाचं उदाहरण द्यायचं नाही. मुलांना तो विचित्र वाटायचा, आणि का असं विचारल्यावर मी त्यांना गप्प बसवायची. हल्ली संध्याकाळी टीव्हीवर माणसं चौकटीत बसून वाद घालतात, कुणाची बाजू कुणी दिली आहे ते चेहऱ्यावरून मला चटकन ओळखू येतं. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही एवढं बोलणं शिकवलंत आणि चर्चा लागली की उठून जाता. मी पाणी प्यायला जाते असं सांगते.

दादा थकले होते तेव्हा एकदा त्यांच्या उशाशी बसले असताना मी विषय काढला. आत्याने वाटा मागितला असता तर तुम्ही दिला असता का? दादा म्हणाले, "बाभळीचा तुकडा तिच्या नावावर करायचं माझ्या मनात होतं. पण तिलाच नको होता. तू नाही का भाषणात सांगितलंस?" मी म्हटलं, ते मी सांगितलं, दादा, तिने नव्हे. ते हसले. म्हणाले, "मला कळत नव्हतं का? बाईमाणसानं आपल्या तोंडानं कसं सांगावं, म्हणून तिनं तुझ्याकडून वदवून घेतलं. सगळ्या बाया घेऊन आली होती ना पुढं बसायला?" इतकी वर्षं ते हेच धरून चालले होते. मी त्यांना खरं सांगितलं नाही. त्यांच्या मनात तुकडा द्यायचं होतं हे तरी कितपत खरं, कोण जाणे. म्हातारपणी माणसाला स्वतःचा मोठेपणाच आठवतो. दिला असता आणि दिला नसता, या दोन्ही बाजू मी स्वतःशी इतक्या वेळा मांडल्या आहेत की दोन्ही मला सारख्याच पटतात.

दादा गेल्यावर माझा धाकटा भाऊ माझ्याकडे सहीसाठी हक्कसोडीचा कागद घेऊन आला. सही करायची रीत अजून तीच होती. तो म्हणालाही, ताई, तूच तर मांडवात बोलली होतीस. मी सही केली नाही. मी वाटा मागितला आणि बाभळीचाच तुकडा मागितला. भावाच्या बायकोने वर्षभर अबोला धरला, आळीत चर्चा झाली, पण तुकडा मिळाला. मनाशी मी म्हणत होते, हे आत्यासाठी. तुकड्यावर घर मात्र बांधलं ते माझ्या नवऱ्याच्या बदलीच्या आणि मुलांच्या शाळेच्या हिशेबाने. विहीर तोवर साफ बुजली होती, तिच्यावर ओटा आला. तिच्या सोडलेल्या हक्कावर माझा वाटा उभा होता, हे कागदावर कुठे दिसत नाही. मला मात्र जोत्याचा पहिला दगड बसला तेव्हाच दिसलं होतं.

घर झाल्यावर आत्याला मी घेऊन आले. ती पार वाकली होती. तिला सगळं फिरवून दाखवलं, आणि मागच्या दारी मुद्दाम करून घेतलेली मातीची चूलही. गॅसच्या दिवसांत चूल कशाला, असं सगळे मला म्हणत होते. ती चुलीपुढे बसली, वैलावरून हात फिरवला, आणि मला विचारलं, "पेटवू का?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर टेकले. मग मी म्हटलं, आत्या, मला विचारतेस काय, हे घर तुझंच आहे.

"असं बोलू नगं, शके," ती म्हणाली. "परत कुणीतरी टाळ्या वाजवंल."

त्या दिवशी चूल मी पेटवली आणि भाकऱ्याही मीच थापल्या, वेड्यावाकड्या. तिच्यापुढे ताट ठेवून टोपली तिच्या हाताशी सरकवली आणि मुद्दाम पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा ती रिकाम्या ताटापुढे बसून माझी वाट पाहत होती. मी एक भाकरी वाढली. तिने ती मधोमध मोडली, आणि अर्धी टोपलीत परत ठेवली.